नाव उसने, क्रियापद घरचे

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नववीत शिकते. गेल्या मे महिन्यात तिने सुटीचा उद्योग म्हणून एक भाषा तयार करायला घेतली. जमिनीखालच्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, सूर्य कधीही न पाहिलेले आणि दगड फोडून पोट भरणारे लोक तिने कल्पिले होते आणि त्यांच्या तोंडी घालायला तिला शब्द हवे होते. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून तिने शंभर पानी वही निम्मी भरवली आणि मग मला दाखवायला आणली. डाव्या रकान्यात लाइट, डार्कनेस, शॅडो, गोल्ड, आयर्न, क्रिस्टल असे इंग्रजी शब्द होते आणि उजव्या रकान्यात प्रत्येकासमोर एकेक नवा, कानाला गोड लागणारा शब्द होता. निवृत्त झालो तरी शिक्षकाची चूक काढण्याची खोड जात नाही, म्हणून मी तिला विचारले, की ज्यांनी सूर्यच पाहिलेला नाही त्यांना अंधारासाठी एकच शब्द कसा पुरेल? आणि इंग्रजीत जिथे जिथे लाइट येतो तिथे तिथे त्यांचा एकच शब्द कसा बसेल? ती हिरमुसली. पण वही परत करताना माझ्या लक्षात आले, की जो दोष मी तिच्या वहीत काढला, तोच दोष असलेली वही मी तीस वर्षे वर्गात वापरली आहे. आपण तिला शास्त्रीय परिभाषा म्हणतो.

मुलांनी भाषा बनवणे हा पोरखेळ आहे आणि तज्ज्ञांच्या समितीने पारिभाषिक शब्द बनवणे हे राष्ट्रकार्य आहे, असा भेद आपण गृहीत धरतो. तो मला पटत नाही. दोन्ही ठिकाणी कोणी तरी बसून, ठरवून, पूर्वी नसलेला शब्द घडवतो आणि तो दुसऱ्याने वापरावा अशी अपेक्षा करतो. फरक इतकाच, की मुलीच्या भाषेतला शब्द फसला तर कोणाचे बिघडत नाही. पाठ्यपुस्तकातला शब्द फसला तर एक अख्खी पिढी तो पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि निकालानंतर विसरते. म्हणून घडवलेल्या भाषेत उजेडाचे, अंधाराचे आणि दगडधातूंचे शब्द कसे असावेत हा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो. या दोन क्षेत्रांत शब्द घडवण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती लागतात आणि परिभाषेच्या कामात आपण त्यांची सरमिसळ केली आहे, असे माझे म्हणणे आहे.

वडोदऱ्यात बसून हे लिहिताना एक ओझेही जाणवते. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरला. शास्त्रीय शब्दांचा बहुभाषी कोश करण्याची खटपट त्याच आग्रहातून झाली. पुढे १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ याच शहरात निघाला. आठ भाषांचे शब्द समोरासमोर मांडणे ही केवढी मेहनत आहे, हे ज्याने एका भाषेचा तरी कोश केला आहे त्यालाच कळेल. राज्यकारभाराला ही रकान्यांची पद्धत बऱ्यापैकी मानवते, कारण दस्त, मुचलका, वसुली या गोष्टी माणसांनीच ठरवलेल्या असतात आणि त्यांच्या कडा नीट कापलेल्या असतात. उजेडाला तशी कड नसते.

इंग्रजीतल्या लाइट या एका शब्दासमोर मराठीने काय लिहावे? प्रकाश लिहिले तर ऊन बाहेर राहते आणि ऊन लिहिले तर चांदणे बाहेर राहते. उजेड आणि प्रकाश यांत तर आपण असा भेद करतो, की ‘या मुद्द्यावर प्रकाश टाकला’ ही स्तुती असते आणि ‘काय उजेड पाडलास’ ही कानउघाडणी असते. बरे, शेजारच्या भाषेत तरी रेषा त्याच जागी पडतात का? आमच्या घरी मराठी आणि ओट्याखाली उतरले की गुजराती, त्यामुळे लहानपणापासून आम्ही ही गंमत पाहत आलो. गुजरातीत उन्हाला तडको म्हणतात आणि ‘ऊन’ म्हटले की शेजारच्या काकींना लोकर आठवते. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्याला आपण कवडसा म्हणतो, गुजरातीत त्याला चांदरणुं म्हणतात. म्हणजे भर दुपारच्या उन्हाचे ते नाव चंद्राच्या घरातून आलेले. दोन शेजारी भाषा, तेच छप्पर, तोच ठिपका, आणि तरी एकीला तो एकीकडचा वाटतो, दुसरीला दुसरीकडचा. तेव्हा नव्या भाषेत ‘कवडशाला काय म्हणतात’ हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. ‘ही माणसे कवडसा वेगळा मोजतात का, आणि मोजत असतील तर तो कशाच्या पंगतीला बसवतात’ हा पहिला प्रश्न आहे.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. अमुक भाषेत अंधाराला वीस शब्द आहेत म्हणून ती श्रीमंत, आणि तमुकीत दोनच आहेत म्हणून ती दरिद्री, असल्या मोजदादीचा मला कंटाळा आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये रंगनामांचा जो अभ्यास मांडला त्यात केवळ दोनच मूळ रंगनामे असलेल्या भाषाही येतात, एक काळसर आणि थंड रंगांसाठी, दुसरे उजळ आणि उष्ण रंगांसाठी. त्या भाषा बोलणाऱ्यांना पिकलेले फळ आणि कच्चे फळ यांतला फरक आपल्याइतकाच दिसतो. शब्दसंख्या कमी असल्याने दृष्टी अधू होत नाही. प्रश्न संख्येचा नसून शब्द एकमेकांत कसे गुंतले आहेत याचा आहे.

ज्यांनी खरोखर भाषा घडवल्या त्यांनी हा गुंता कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. १६६८ मध्ये जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने जगातल्या सर्व वस्तूंचे चाळीस वर्ग पाडून त्यांवर एक भाषा उभी केली. तिच्यात शब्दाचे प्रत्येक अक्षर वस्तूचे स्थान सांगते. ‘दे’ म्हणजे महाभूत, ‘देब’ म्हणजे अग्नी, ‘देबा’ म्हणजे ज्वाला. कल्पना मोहक आहे. पण दगडांपाशी आल्यावर त्याने पोटवर्ग पाडले ते सामान्य दगड, मध्यम किमतीचे दगड आणि मौल्यवान दगड असे. म्हणजे सराफकट्ट्यावरचा भाव व्याकरणात शिरला. उद्या एखादा मौल्यवान खडा ढिगाने सापडून स्वस्त झाला तर त्या भाषेत त्याचे नावच चुकीचे ठरेल आणि सगळ्यांना त्याचे स्पेलिंग नव्याने शिकावे लागेल. मोती आणि पोवळे हे प्राण्यांपासून होतात, तरी ते तेथे दगडांच्याच कप्प्यात आहेत. जे नाव वस्तूविषयीचा सिद्धान्त पोटात घेऊन फिरते, ते सिद्धान्त शिळा झाला की नासते.

एस्पेरांतो या १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषेचा कर्ता झामेनहोफ व्यवहारी माणूस होता. त्याने सोन्याला ओरो, लोखंडाला फेरो, तांब्याला कुप्रो म्हटले; सगळी नावे युरोपात रुळलेल्या शब्दांवरून घेतलेली, पोटात कोणताही सिद्धान्त नसलेली. उजेड म्हणजे लुमो. अंधारासाठी मात्र त्याने नेहमीच्या वापरात बाहेरून शब्द आणला नाही. उलट अर्थाचा ‘माल’ हा उपसर्ग लावून माल्लुमो केला. धातू उसने, अंधार घरी केलेला. कवींना तेवढ्याने भागले नाही आणि तेनेब्रो असा दुसरा शब्दही त्या भाषेत आला, हे मला फार बोलके वाटते, कारण अंधार म्हणजे नुसता उजेडाचा अभाव नाही हे रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

तिसरी तोकी पोना, २००१ मध्ये सोन्या लँग यांनी मांडलेली, जेमतेम सव्वाशे शब्दांची भाषा. तिच्यात सुनो म्हणजे सूर्यही आणि उजेडही, पिमेया म्हणजे काळा आणि अंधारा. दगड, धातू, खनिज, जे जे म्हणून टणक आहे ते सगळे किवेन. सोने हवे असेल तर ‘पिवळे किवेन’ म्हणायचे आणि पितळही तेच म्हणून खपले तर सोसायचे. या भाषेत सराफ होता येणार नाही. पण तिने एक गोष्ट ओळखली आहे, की हाताला प्रथम कळतो तो टणकपणा. नाव नंतर येते.

या तिन्ही उदाहरणांतून मला जे दिसते ते असे. पदार्थाचे नाव ही एक पाटी आहे. ती जितकी कोरी तितकी बरी, म्हणून ती उसनी आणली तर काही बिघडत नाही. पदार्थ काय करतो, कसा दिसतो, कसा फुटतो, उजेडात आणि अंधारात कसा वागतो हे सांगणारे शब्द मात्र भाषेच्या आत उगवावे लागतात, कारण त्यांना वाक्यात चालायचे असते, काळ आणि पुरुष घ्यायचे असतात, लहान मुलाच्या तोंडी बसायचे असते. आपण मराठीत नेमके उलटे केले. क्वार्ट्झ, फेल्स्पार, फ्लोराइट यांना संस्कृत नाव शोधण्यात वेळ घालवला आणि चमकणे, वाकणे, विखुरणे या चालत्याबोलत्या क्रियांवर मात्र न चालणारी भाववाचक नामे लादली.

शाळेतला प्रकाशाचा धडा घ्या. परावर्तन, अपवर्तन, अपस्करण, विकिरण अशी चार नामे एका ओळीत येतात. परा, अप, वि या उपसर्गांतला भेद ज्याला कळतो त्याला संस्कृत येते, त्याला या धड्याची गरज भौतिकशास्त्रापुरतीच. बाकीच्यांना ती चार सारख्या चेहऱ्याची भावंडे वाटतात. माझ्या वर्गातली मुले अपवर्तन आणि अपस्करण यांची अदलाबदल वर्षानुवर्षे करीत आली. आमच्या वडिलांच्या पिढीला अपवर्तनाऐवजी वक्रीभवन शिकवत. तो शब्दही संस्कृतच, पण त्यात किरण वाकताना दिसतो. आणि त्याच धड्यात पुढे ‘ताऱ्यांचे लुकलुकणे’ हा मुद्दा येतो तेव्हा मात्र एकही मूल अडखळत नाही. तेथे कोणी तरी सुज्ञपणे हात आवरला आणि तारकाकंपन वगैरे काही केले नाही, याबद्दल मी त्या अनाम लेखकाचा ऋणी आहे.

मराठीत उजेड क्रियापदांत राहतो. उजाडणे, फटफटणे, उजळणे, झळकणे, तळपणे, लकाकणे, मिणमिणणे. आणि दुसऱ्या बाजूला मावळणे, मालवणे, झाकोळणे, काळवंडणे, अंधारून येणे. यातले उजाडणे आणि सांजावणे तर असे, की त्यांना कर्ताच लागत नाही. ‘उजाडले’ एवढेच पुरते. व्याकरणकार त्यांना भावकर्तृक म्हणतात. इंग्रजीच्या रकान्यात डॉन हे नाम आहे म्हणून त्यासमोर उषःकाल लिहिले, की ही कर्त्याशिवाय घडणारी क्रिया वहीतून गळून पडते. ‘तांबडं फुटलं’ हे तर वहीत येणेच अशक्य. त्यात तांबे आहे, कोंब फुटावा तशी क्रिया आहे आणि वेळही आहे. रुपेरी चांदणे, सोनेरी ऊन, शेंदरी संध्याकाळ असे उजेडाचे किती तरी शब्द आपण खनिजांच्याच घरून आणले आहेत. शिसवी रंग मात्र शिसे या धातूचा नव्हे, शिसवाच्या लाकडाचा. ही चूक मी स्वतः अनेक वर्षे करीत होतो.

याउलट एक चांगले उदाहरण माझ्या समोर नेहमी असते. मराठी विश्वकोशात खनिजांवरच्या नोंदी वाचल्या तर त्यांत चमक, कस, पाटन, भंजन, कठिनता हे शब्द ठरावीक क्रमाने भेटतात. यातला कस हा शब्द ज्याने निवडला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. खनिज खरखरीत, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासले की जी भुकटीची रेघ उमटते तिला कस म्हटले आहे. सोनार सोन्याचा कस लावतो तोच हा कस. हेमॅटाइटचा काळपट, जड, लोखंडासारखा चमकणारा खडा मी वर्गात फरशीवर ओढीत असे आणि काळ्या दगडातून विटकरी लाल रेघ निघाली, की मागच्या बाकावरचेही उठून उभे राहत. ‘कस लाल आहे’ हे वाक्य मग कोणाला पाठ करावे लागत नसे. पदार्थाचे नाव ग्रीक, रेघेचे नाव सोनाराचे. यात कोणाची अस्मिता दुखावली गेली असे मला कधी दिसले नाही.

या मताविरुद्ध सर्वांत वजनदार साक्ष आहे ती खताच्या गोणीची. नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) हे तीन घडवलेले शब्द, तिन्ही पदार्थांची नावे, आणि तिन्ही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी पक्के बसलेले. मग नावे उसनीच आणावीत हा माझा नियम कुठे राहिला? मला वाटते, हे शब्द टिकले ते शुद्ध आहेत म्हणून नव्हे. ते आखूड आहेत, तिघे नेहमी एकत्र येतात आणि गोणीवर दर हंगामाला भेटतात. स्फुरदाच्या बाबतीत आणखी एक भाग्य आहे. मूळ फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहून आणणारा; १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला तो अंधारात मंद उजळताना दिसला. मराठी शब्दकर्त्याने वाहकाला सोडले आणि स्फुरणे हे क्रियापद धरले. नाव घडवायचेच असेल तर ते असे क्रियेच्या खुंटीला बांधावे, एवढी सवलत मी माझ्या नियमाला आनंदाने देतो.

दुसरा आक्षेप असा, की विज्ञान जागतिक आहे, तेव्हा क्रिया आणि गुण यांचेही इंग्रजी शब्दच घ्यावेत, म्हणजे मुलांना पुढे त्रास होणार नाही. यावर आमच्या भागातलेच उदाहरण देतो. वडोदऱ्याहून पूर्वेला, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलेल्या आंबाडुंगरच्या टेकड्यांत फ्लोरस्पार, म्हणजेच फ्लोराइट, सापडतो. धातू वितळवताना हा दगड घातला की मळी पातळ होऊन वाहू लागते, म्हणून लॅटिनमधल्या वाहण्यावरून त्याचे नाव पडले. या दगडाच्या काही नमुन्यांवर जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण पडले की ते निळसर उजळतात. म्हणून जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्या उजळण्याला फ्लुओरेसन्स म्हटले. म्हणजे वाहण्यावरून दगड आणि दगडावरून उजेड. आज इंग्रजी मुलालाही त्या शब्दात ना दगड दिसतो ना वाहणे. त्याला तो पाठच करावा लागतो. तेव्हा इंग्रजी शब्द घेतल्याने समज आपोआप येते हा भ्रम आहे. आपण त्याला प्रतिदीप्ती हा शब्द केला. अर्थ बरोबर आहे, शब्द देखणाही आहे, पण त्याचे क्रियापद होत नाही. ‘दगड प्रतिदीप्तला’ असे कोणी म्हणणार नाही, आणि जे घडताना सांगता येत नाही ते वर्गाबाहेर कोणी सांगत नाही. याच प्रांतात जंबुपार हा शब्द बघा, जांभळाच्या पलीकडचा. अतिनील त्याच्याशी स्पर्धा करतो आणि पुस्तकांत बहुधा जिंकतो, पण वर्णपटाच्या टोकाला बोट लावून पलीकडे दाखवता येते ते जंबुपार म्हणतानाच.

माझी सूचना साधी आहे. परिभाषेचे काम करणाऱ्या मंडळींनी रकान्यांची वही बंद करावी आणि प्रत्येक नव्या शब्दाबरोबर तीन वाक्ये छापावीत: एक शिक्षकाच्या तोंडचे, एक कारागिराच्या आणि एक विद्यार्थ्याच्या. तीन वाक्यांत क्रियापद जमले नाही तर तो शब्द पुन्हा भट्टीत घालावा. कारागीर म्हणजे खंबायतचा अकीक भाजून लाल करणारा असेल, सराफ असेल, काच कापणारा असेल. त्यांच्या तोंडी आपल्याला हवे असलेले निम्मे शब्द आधीच आहेत. पदार्थांची नावे जगाकडून जशी येतील तशी घ्यावीत. चणिया चोळीवरचे आभलुं, म्हणजे आरशाचा तुकडा, आणि मराठीतला अभ्रक हे दोन्ही एकाच अभ्राचे, पण आभाळ आठवल्याशिवाय दोन्ही सुखाने वापरले जातात.

भाचीला मी हे सगळे सांगितले नाही. नववीतल्या मुलीला इतके कोण ऐकवील. माझ्याकडे आंबाडुंगरचा एक जांभळट खडा आहे आणि नोटा तपासायची लहान विजेरी आहे. एका संध्याकाळी दिवे लागण्याआधी खोलीची दारे लावून मी विजेरी पेटवली आणि खडा निळा उजळला. विजेरी बंद केली तसा तत्क्षणी विझला. मग मी तिच्याच खोलीतली, रात्री अंधारात हिरवट दिसणारी प्लॅस्टिकची चांदणी आणली; ती विजेरी बंद केल्यावरही बराच वेळ दिसत राहिली. तिने दोन्ही चार-पाच वेळा करून पाहिले. नंतर वहीत डावा रकाना कोरा ठेवून तिने तिच्या गुहेतल्या माणसांसाठी दोन क्रियापदे लिहिली आणि मी अर्थ विचारला तेव्हा मराठीत सांगितले, “मामा, हा दगड दचकतो. ती चांदणी रेंगाळते.” दगडाचे नाव तिने अजून ठेवलेले नाही. वरच्या लोकांशी त्यांचा व्यापार सुरू झाला की ते येईल, असे ती म्हणते.